टाचेचं हाड मोडलंय: प्लेट की नुसते स्क्रू? लवकर सांगा

पडवीवाला: बाबा परवा आंबे काढताना झाडावरून पडले. उजव्या टाचेचा चुरा. इथले डॉक्टर म्हणतात प्लेट, रत्नागिरीतले म्हणतात बारीक भोकांतून स्क्रू पुरेत. उद्या कळवायचंय.

मंदारमाला: वय? साखर? बिडी-सिगरेट? सीटी काढला का?

पडवीवाला: काढलाय हो! प्लेट की स्क्रू तेवढं सांगा.

जुनाजाणता: मी २०११ साली परांचीवरून पडलो. बाहेरच्या बाजूने भला मोठा एल आकाराचा चिरा, त्यातून प्लेट. चिऱ्याच्या कोपऱ्यातली कातडी काळी पडली, दोन महिने ड्रेसिंग. पण टाच सरळ बसली. प्लेटच घाला.

चहाबाज: जखम चिघळली तरी सल्ला प्लेटचाच? धन्य! हल्ली घोट्याखाली लहानसा आडवा चिरा देऊन सांधा डोळ्यांनी बघून बसवतात. छोटी प्लेटही त्यातूनच जाते. चिरा कुठून देणार, ते विचारा.

जुनाजाणता: चार तुकडे झाले असतील तर तेवढ्या फटीतून काय दिसणार, कप्पाळ?

कट्टेकरी: ऑपरेशन हवंच कशाला? ब्रिटनमध्ये १५१ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला. दोन वर्षांनी ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले सारखेच.

फिजिओताई: टाच फार वेडीवाकडी झालेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, तेही सांगा. पडवीवाले, सीटीच्या रिपोर्टात 'सँडर्स' पुढे आकडा बघा, टाचेच्या सांध्याचे किती तुकडे झालेत ते त्यावरून कळतं. २ असेल तर बऱ्याचदा लहान चिऱ्यावर भागतं. ४ म्हणजे सांध्याचा भुगा. तिथे काही सर्जन घोट्याखालचा सांधा त्याच वेळी कायमचा जोडून टाकतात. मोठा चिरा द्यायचा तर सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत थांबतात, आठवडा-दोन आठवडे सहज. मग उद्याची घाई कोणाला आहे? आणि उंचावरून पडलेत, कंबर दुखतेय का?

गावकरी७७: हाडवैद्याकडे न्या. अंड्याच्या बलकाचा लेप, वर बांबूच्या कामट्या. माझ्या मावशीचं मनगट असंच बसलं.

चहाबाज: मनगटावर उभं राहायचं नसतं, काका.

मंदारमाला: आंबा हापूस होता का?

पडवीवाला: रायवळ. सँडर्स ३ लिहिलंय. वय ६४, साखर २६०. कंबर दुखतेय, पण बाबा म्हणतात ती रोजचीच. बिडी दिवसाला एक बंडल, आत्ताही खाटेवर बसून ओढतायत.

फिजिओताई: बंडल काढून घ्या. साखर आटोक्यात आणल्याशिवाय मोठ्या चिऱ्याला हो म्हणू नका. मणक्याचा एक्सरे आजच, आणि तोवर त्यांना बसवू नका, आडवं ठेवा!