रजोनिवृत्तीनंतरच्या गर्भाशय-अस्तराच्या बायोप्सीत सियालिल-टीएन स्टेन नेहमीचा करावा का?

स्लाइडप्रेमी: रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला की पिपेलने (अस्तराचा नमुना ओढणाऱ्या बारीक नळीने) कधी इतके तुटपुंजे तुकडे हाती येतात की ग्रंथींची रचना कळतच नाही. तिथे सियालिल-टीएन बघावे. प्रथिनावरच्या पहिल्याच गॅलएनॅक साखरेला सियालिक आम्ल चिकटते आणि साखळी तिथेच खुंटते. कर्करोगाच्या पेशींत हे वारंवार दिसते. स्टेन नेहमीचा करा, असे माझे स्पष्ट मत.

गोगलगाय: ठाम विरोध. सियालिल-टीएन ओळखणारे बी७२.३ प्रतिपिंड पाळीच्या पूर्वार्धातल्या अस्तरात फारसे रंगत नाही, पण अंडोत्सर्गानंतर निरोगी ग्रंथीही तपकिरी, म्हणजे पॉझिटिव्ह, होतात. १७व्या दिवसाच्या सुमारास केंद्रकाखाली एका रांगेत पोकळ्या दिसतात, ते प्रोजेस्टेरॉनचे काम. हा रंगही त्याच उत्तरार्धातला. त्याला कर्करोगाची खूण कसे म्हणायचे?

स्लाइडप्रेमी: रजोनिवृत्तीनंतर अंडोत्सर्ग कुठला? म्हणून तर वयाची अट घातली.

गोगलगाय: अंडोत्सर्ग नसेल, पण प्रोजेस्टिनच्या गोळ्या असतात, हार्मोन सोडणारी तांबी असते. मागणीपत्रात ‘रक्तस्राव’ एवढेच लिहून येते. औषधे कळल्याशिवाय तो तपकिरी रंग वाचूच नये. निदान एच अँड ई या नेहमीच्या गुलाबी-निळ्या स्टेनवरच व्हावे. तुकडा अपुरा असेल तर अपुरा म्हणा आणि पुन्हा नमुना मागा. उरलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या प्रथिनासाठी आणि डीएनए दुरुस्त करणाऱ्या चार एमएमआर प्रथिनांसाठी राखा, उपचार त्यावर ठरतात.

बफर५.५: वाद कुठेही जावो, स्टेन करणार असाल तर नीट करा. लगतचे दोन सेक्शन घ्या, ३ ते ४ मायक्रॉनचे. एकावर सियालिडेज (सियालिक आम्ल कापणारे एन्झाइम), दुसऱ्यावर नुसता ॲसिटेट बफर, पीएच ५.५, ३७ अंशांवर. एन्झाइमच्या सेक्शनवरचा रंग जायलाच हवा. राहिला तर तो खोटा, किंवा एन्झाइम मेलेले. ते तपासायला शेंगदाण्याचे लेक्टिन (साखरेला धरणारे प्रथिन) लावा: सियालिक आम्ल निघाले की एरवी झाकलेला टी प्रतिजन (गॅलएनॅकवर गॅलॅक्टोज चढलेली साखळी) उघडा पडतो. टीएनविरोधी (टीएन म्हणजे सियालिक आम्ल नसलेली एकटी गॅलएनॅक) प्रतिपिंडे बरीचशी आयजीएम प्रकारची असतात. त्यांना पकडणारे दुय्यम प्रतिपिंड फक्त आयजीजी प्रकार ओळखणारे वापरले तर स्लाइड कोरी येते आणि ‘निगेटिव्ह’ म्हणून रिपोर्ट जातो.

स्लाइडप्रेमी: औषधांचा मुद्दा मान्य. पण प्रोजेस्टिन न घेतलेल्या बाईत तरी स्टेन लावावा, यावर मी ठाम आहे. साधे टीएन हेलिक्स पोमॅशिया या गोगलगायीच्या लेक्टिनने बघितले तर?

गोगलगाय: रक्तगट विचारा आधी. ए गटाच्या बाईत ते लेक्टिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही धरते, कारण ए प्रतिजनाच्या टोकाला तीच गॅलएनॅक साखर असते.