ऑलिव्ह तोडणीला पॅलेस्टाईनला जायचंय, ओळखी कशा होतात?

प्राजू२५:
मी मूळची साताऱ्याची, पुण्यात शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीला जोडून तीन आठवडे वेस्ट बँकेत ऑलिव्ह तोडणीला जायचा विचार आहे. आई म्हणते, दिवाळीत घर सोडून गोळ्या खायला चाललीस का. ते तिचं मी बघते. मला विचारायचंय ते वेगळंच. 'मदत करून आले' एवढंच नकोय, माणसं जोडायची आहेत. अरबी येत नाही. कोणी राहून आलंय का तिथे?

नाना_बोरिवली:
आई बरोबर बोलते. बातम्या बघत नाहीस का? देणगी पाठव आणि घरी फराळ कर.

वळीव:
प्राजू, मी २०१८ आणि २०१९ ला ऑक्टोबरात गेले होते. नाब्लुसच्या दक्षिणेला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथेच राहतात.

आधी एक भ्रम काढून टाक. तुझ्या हातांचा त्यांना काडीचा उपयोग नाही. मी तासगावची, द्राक्षबागेत वाढलेली, तोडणी म्हणजे डाव्या हातचा मळ असं समजून गेले. तिथे झाडाखाली ताडपत्री अंथरतात आणि फांदी मुठीत धरून खाली ओढत नेतात, गाईची धार काढावी तशी. फळं टपाटपा पडतात. मी आपली मण्यांची विरळणी करावी तशी एकेक खुडत बसले. घरची म्हातारी, सत्तरीची, ते बघून इतकी हसली की शिडीवरून उतरून खाली बसली. दिवसअखेर तिची दोन पोती, माझी एक बादली.

मग परकं माणूस हवं कशाला? त्यांची निम्मी झाडं टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीच्या कुंपणाला लागून आहेत. तिथे जायला लष्कर वर्षाचे मोजके दिवस ठरवून देतं, त्याला 'तनसीक' म्हणतात. आमच्या घराला दोन दिवस मिळाले होते. वरून वसाहतीतली पोरं दगड घेऊन उतरलीच, तर निदान कोणी परका बघतोय, मोबाइल धरून उभा आहे, एवढाच आपला भाव. बुजगावणं. पहिल्या दिवशी मला राग आला होता, दुसऱ्या दिवशी पटलं.

नानांचं बोलणं मात्र उडवून लावू नकोस. ६ सप्टेंबर २०२४ ला बैता गावात आयशेनूर एझगी एयगी ही २६ वर्षांची तुर्की-अमेरिकन स्वयंसेविका गोळी लागून मारली गेली. गोळी आपल्याच सैनिकाची असण्याची दाट शक्यता इस्रायली लष्कराने मान्य केली, मुद्दाम मारली नाही म्हणाले. बुजगावण्याचा धाक आता पूर्वीसारखा उरलेला नाही. परदेशी स्वयंसेवकांना पकडून परतही पाठवतात. एकटी जाऊ नकोस, गावातले लोक ज्या गटाला बोलावतात त्यांच्याबरोबरच जा. आणि ते 'आज शेतात नको' म्हणाले, तर हौस म्हणून हट्ट करू नकोस.

माझी मैत्री न्याहारीला झाली. दहाच्या सुमारास काटक्या पेटवून चहा, त्यात 'मरमिय्या' म्हणजे सेजची पानं, आणि साखर अशी की अमृततुल्यवाला लाजेल. भाकरीसारखी रोटी, झातर (वाळलेल्या पाल्याची तीळ घातलेली पूड), लबने (आपला चक्काच, खारट). म्हातारीला काय हाक मारू विचारलं तर म्हणाली 'खाल्ती'. खाला म्हणजे मावशी. आत्या वेगळी, काका वेगळा, मामा वेगळा, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीत आंटी म्हटलं की सगळ्या एका पोत्यात. मी विचारलं, मावशीच का, आत्या का नाही? म्हणाली, आत्या भांडतात.

तिची नात नाब्लुसच्या अन-नजाह विद्यापीठात शिकत होती, तीच आमची दुभाषी. ती माझी मैत्रीण.

आता लाज वाटते ते सांगते. एकदा दोघी रामल्लाला निघालो. पिवळी सात सीटची 'सर्व्हीस', म्हणजे आपलं वडाप. झअतरा नाक्यावर अडवलं. सैनिकाने सगळ्यांची ओळखपत्रं गोळा केली, हिरव्या पाकिटांतली. माझा पासपोर्ट बघून त्याचा चेहरा फुलला. "इंडिया! गोवा!" लष्करातून सुटली की ही पोरं गोव्याला, मनालीला येतात ना. विशीचा असेल. आणि मी हसले. परगावी कुणी आपल्या गावाचं नाव काढलं की हसतो तशी. वर "व्हेरी नाइस" म्हणाले. तेवढ्यात मागच्या सीटवरचा एक मुलगा उतरवून रस्त्याच्या कडेला उन्हात उभा केला होता. चाळीस मिनिटं.

रामल्ला येईपर्यंत मैत्रीण बोलली नाही. उतरल्यावर विचारलं, तो काय म्हणत होता? मी सांगितलं. ती म्हणाली, "गोव्याला समुद्र आहे ना?" त्यांच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की समुद्राची पट्टी दिसते, सरळ रेषेत चाळीस-एक किलोमीटर. ती तिथे आयुष्यात एकदा गेलेली, शाळेत असताना, परवाना मिळाला तेव्हा. मी त्याच आठवड्यात याफाला जाऊन पाय बुडवून आले होते आणि फोटोही दाखवले होते. कुणी अडवलं नाही मला.

खरी कसोटी परत आल्यावर असते. ऑक्टोबर २०२३ नंतर तिच्या भावाचा इस्रायलमध्ये कामाला जायचा परवाना रद्द झाला, जवळपास सगळ्यांचाच झाला. मी पैशाचं विचारलं तर दोन दिवस निरोप नाही. मग लिहिलं, "तेल विकत घे." घेतलं. तो डबा तिच्याच घरात माझ्या नावाने ठेवलाय. आपल्याकडचा पंधरा किलोचा असतो, तसाच.

लोदकर:
मी इस्रायलमध्ये लोदला राहतो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोबा अलिबागकडचे. घरी अजून मराठी बोलतो, सणाला मलिदा होतो. माझा मुलगा नाक्यावर ड्युटीला होता. तो 'गोवा' म्हणणारा पोरगा माझाच असू शकतो. तुम्ही खोटं काही लिहिलं नाहीत, पण तो वाईट पोरगा नाही. आमच्या जिन्यात अरब शेजारी आहेत, मे २०२१ च्या दंग्यांनंतर बोलणं कमी झालं, ते मलाही बोचतं. प्राजू, येशील तेव्हा जेवायला ये.

वळीव:
लोदकर, पोरगा वाईट होता असं मी म्हटलंच नाही. चांगला वाटला, म्हणून तर हसले. प्राजूने जेवायला यावं की नाही ते तिचं ती ठरवेल. माझ्या मैत्रिणीला मात्र ठरवायची सोयच नाही, तुम्ही बोलावलंत तरी.

लोदकर:
ते खरं आहे.

प्राजू२५:
वळीवताई, तीनदा वाचलं. तारखा अजून नक्की करत नाही, आधी तिथल्या गटाशी बोलते. एकच सांगा, गेलेच तर खाल्तीसारख्या घरी काय न्यावं? फराळ चालेल?

वळीव:
चकली कोणी शिवली नाही, चिवडा पोरांनी संपवला. पण चिंच ने. चिंचेच्या सरबताला ते 'तमर हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदचा खजूर. रमजानला लागतं. खाल्तीने आपली चिंच चाखून, ही जास्त आंबट म्हणून वर्षभर पुरवून वापरली. नवी चिंच घे, बिया काढून, दोन पिशव्यांत भरून. विमानतळावर उघडून बघतात, काळा गोळा दिसला की अर्धा तास जातो.