खुर्ची आधी की नेतृत्व आधी?

माळावरचा_वारा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात ऑफिसनं आम्हाला दोन दिवस लोणावळ्याला नेलं. विषय, नेतृत्वगुण विकास. डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडायचं, दोरीचा गुंता सोडवायचा, रात्री शेकोटी. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र. माझं अजून गाडीच्या डिकीत लोळतंय. येताना घाटात डोक्यात एकच घोळत होतं, माझ्या काकूला हे कुणी शिकवलं?

काकू सातवी पास. आरक्षणाच्या सोडतीत आमचं सरपंचपद महिलांसाठी निघालं, काकांना उभं राहता येईना, म्हणून काकूला उभं केलं. पहिल्या ग्रामसभेत खुर्चीवर काका, काकू दाराशी बायकांत. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही.

दोन वर्षांनी १ मेच्या ग्रामसभेला मी गावी होतो. पाणीपट्टीची थकबाकी वाचायची होती. हा विषय दरवर्षी 'थकबाकीदारांनी भरून सहकार्य करावे' एवढ्यावर उरकायचा, कारण यादीत सगळी वजनदार मंडळी. काकूनं ग्रामसेवकांच्या हातातलं रजिस्टर ओढून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. पहिलं नाव आमच्याच घरचं. रक्कम वाचली, कमरेचा बटवा सोडला, नोटा टेबलावर मोजल्या आणि म्हणाली, "पावती फाडा. आता पुढचं नाव." मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. काका तंबाखू मळत बाहेर गेले.

तर माझं म्हणणं असं की अंगात नेतृत्व असेल तर पद द्यावं, हा हिशेब उलटा आहे. पद द्या, चुकायला वेळ द्या, माणूस घडतो. बोला.

कडू_कारलं

असहमत. एका काकूवरून राज्याचा हिशेब मांडू नका. आमच्या शेजारच्या गावात पाटीवर बाईंचं नाव, बाई रानात खुरपतायत आणि मिस्टर पंचायतीत बसून बिलं काढतायत. खुर्चीनं माणूस घडवला नाही, खुर्चीच नवऱ्याच्या मापाची करून घेतली. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून राज्यात निम्म्या. तरी 'सरपंच पती' हा शब्द काही मरत नाही.

आणि समजा एखादी शिकलीच, तर पाच वर्षांनी आरक्षण फिरतं. रोप जरा धरतंय तोवर उपटायचं.

ज्वारीचं_कणीस

कारल्याशी सहमत, पण कारण वेगळं. हिवरे बाजार बघा. पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले तेव्हा एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे. गावातल्या पोरांनी आग्रह करून उभं केलं. म्हणजे माणसात काहीतरी होतं हे खुर्चीच्या आधीच दिसलं होतं ना? पुढे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पिकं ठरवायची. नगरच्या दुष्काळी पट्ट्यात शेतकऱ्याला 'बोअर घेऊ नको' सांगणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. असली धमक सोडतीच्या चिठ्ठीतून निघत नाही.

माळावरचा_वारा

@कणीस, पोरांनी उभं केलं म्हणजे पद आधीच मिळालं की! बोअरबंदी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर गावानं ऐकलं असतं का? आधी श्रमदान झालं, बांध घातले, विहिरींना पाणी दिसलं. मग शब्दाला वजन आलं.

बांबूबन

तुम्ही सगळे एक माणूस शोधताय, गंमत आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकानं जरी नाही म्हटलं तरी विषय पुढच्या बैठकीला. त्याआधी अभ्यासगटात बसून कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण निर्णयात त्याला मत नाही. २००९ ला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन ग्रामसभेच्या हाती दिलं. गावातले कार्यकर्ते देवाजी तोफा यांचं नाव बाहेर गाजलं, पण सही ग्रामसभेची चालते. नेतृत्व शिकायची जागा म्हणाल तर ती ही, संध्याकाळची चर्चा. शिबिर नव्हे.

कडू_कारलं

मेंढा लहानसं गोंड गाव. आमच्याकडे तीन भावक्या, दोन कारखान्यांचे गट आणि एक देवस्थान ट्रस्ट. सर्वसहमतीची वाट बघितली तर गटारीवरचं झाकणसुद्धा बसणार नाही.

निवृत्त_ग्रामसेवक

वाचत होतो, राहवलं नाही. नोकरीत चौदा सरपंच बघितले, त्यात सहा बाया. पूर्वी चेकवर दोन सह्या लागायच्या, सरपंचाची आणि आमची. आता वित्त आयोगाचे पैसे डिजिटल सहीनं जातात, ती सही डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या यंत्रात. सरपंच तयार होणार की नाही हे मी डोंगल कुणाच्या खिशात आहे त्यावरून ओळखायचो. बहुतेकांचा ऑपरेटरकडे, नाहीतर मिस्टरांकडे. पुरुष सरपंचांचासुद्धा, हे लिहून ठेवा.

एका ताईंचा तांदळाच्या डब्यात असायचा. बिल आलं की ताई आधी टेप घेऊन गटारीवर, लांबी-रुंदी-खोली स्वतः मोजायच्या, एमबीशी, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीशी, ताडून बघायच्या आणि मग घरी जाऊन डबा उघडायच्या. तोवर ठेकेदार उन्हात. एमबी वाचायला मी शिकवलं, एका संध्याकाळचं काम. टेप घेऊन जायचं मात्र त्यांचं त्यांनाच सुचलं.

आणि धागाकर्ते, एक राहिलंच. कराचं बिल बजावून तीन महिन्यांत भरलं नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. तुमच्या काकूंच्या घरची बाकी होती म्हणता. कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकायचाच बाकी असणार.

कडू_कारलं

घ्या! म्हणजे ते नेतृत्व नव्हतंच, काकूंनी आपली खुर्ची वाचवली.

माळावरचा_वारा

हे मला माहीत नव्हतं. आत्ता फोन करून विचारलं. काकू म्हणाली, "कलम माहीत होतं की. अर्ज टायपिंगला गेला होता, मला टायपिंगवाल्यानं सांगितलं. मग म्हटलं भरायचेच आहेत तर चारचौघांत भरू."

आता याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. सातवी पास बाई, दोन वर्षांत कलम माहीत, माणूस पेरलेला आणि वेळ साधलेली.

ज्वारीचं_कणीस

हे राजकारण झालं. पण बाई भारी आहे, मान्य. पुढे काय झालं?

माळावरचा_वारा

पुढच्या सोडतीत पद खुलं निघालं. काकू वॉर्डातून सदस्य म्हणून उभी राहिली आणि नऊ मतांनी पडली. यादीतली घरं विसरली नव्हती. काकांनी प्रचार केला म्हणतात. केला असेलही.

कडू_कारलं

मग मुद्दा तुमचा खरा की माझा?

माळावरचा_वारा

मलाही कळेना झालंय. काकू मात्र पुन्हा उभी राहणार म्हणते. या वेळी फॉर्म स्वतः भरणार, मागचे दोन्ही काकांनी भरले होते.

निवृत्त_ग्रामसेवक

ताईंना सांगा, शौचालयाचा आणि थकबाकी नसल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. शेवटच्या दिवशी पंचायतीत पाय ठेवायला जागा नसते, आणि ऑपरेटर नेमका जेवायला गेलेला असतो.