मदत हवी आहे: श्रीलिपीतली कादंबरी स्वतः छापायची आहे

बोरूबहाद्दर
कादंबरी पूर्ण झाली आहे. ५८ हजार शब्द, सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत टाइप केलेलं. पहिली नऊ प्रकरणं प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या साइटवर आहेत. एका पॅकेजवाल्यांनी संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), ३०० प्रती आणि किंडल आवृत्ती मिळून ८५ हजार सांगितलेत. करारात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' असं वाक्य आहे, मुदत कुठेच नाही. पॅकेज घ्यावं की स्वतः छापावं? किंमत काय ठेवावी? आणि किंडलसाठी फाइल चढवून पाहिली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतोय, तो का?

खिळेजुळारी
चिवड्यापासून सुरू करू, कारण तो निस्तरल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

जुन्या श्रीलिपीच्या फाइलमध्ये मुळात मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. किंडलकडे तो फॉन्ट नाही, म्हणून चेहरा गळून पडतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत, बदलून घ्या. पण साधा मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. तसं केलं की कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहिती जाते आणि खरोखर इंग्रजीत असलेल्या शब्दांचंही अगम्य मराठी होतं. फॉन्ट ओळखून वर्डची अख्खी फाइल बदलणारा कन्व्हर्टर वापरा.

बदलल्यावर सगळ्यात जास्त मार खातो तो 'ऱ्य'. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. कन्व्हर्टर बऱ्याचदा दोन्ही एकाच साच्यात ओततो. 'र्य' शोधा आणि एकेक जागा डोळ्यांनी बघून बदला: वाऱ्यावर, दुसऱ्या, पायऱ्या. 'रिप्लेस ऑल' दाबलंत तर 'सूर्य'चा 'सूऱ्य' होईल आणि 'आचार्यां'ना थेट स्वयंपाकघरात पाठवाल. मग रफार, 'ॲ', अवतरणचिन्हं आणि संयोगचिन्हं तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हं भलत्याच कळांवर असतात, त्यामुळे त्यांच्या जागी एखादं अक्षर उगवतं.

पानांची मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये करणार असाल तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी निवडा. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं तेव्हाच येतात.

पुठ्ठाबांधणी
५८ हजार शब्द डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) पानाला २८० च्या हिशोबाने साधारण २०८ पानांत बसतील. सोळा पानी फर्म्याने (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) बरोबर तेरा फर्मे. २०८ चं २११ झालं तर तीन पानांसाठी अर्धा फर्मा वाढतो, म्हणून अर्पणपत्रिका, श्रेयनामावली, कोरी पानं सगळी आधीच मोजा.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, घ्या. ८० चा मोह होईल, पण वजन बघा. २०८ पानांचे १०४ पत्रे (दोन्ही बाजू मिळून एक पत्रा) ७० च्या कागदात साधारण २२० ग्रॅम, वर ३०० जीएसएमचं कव्हर धरून २४०. पाकीट धरूनही ३०० च्या आत. टपालखात्याच्या ज्ञान पोस्टचा, म्हणजे पुस्तकांसाठीच्या सवलतीच्या टपालाचा, पहिला टप्पा ३०० ग्रॅमपर्यंतच आहे, २० रुपये आणि वर कर. ८० च्या कागदात पुस्तकच २७० वर जातं, पाकिटासकट तुम्ही काठावर. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असलं पाहिजे, नाहीतर ही सवलत मिळत नाही.

किमतीचा हिशोब उलटा करा. समजा छपाई प्रतीला ९० रुपये पडली आणि संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांवर ३० हजार गेले. ३०० प्रतींवर वाटले तर प्रतीला १००, म्हणजे प्रत १९० ला पडली. छापील किंमत ३०० ठेवून वितरकाला ५० टक्के दिलेत की हातात १५०. प्रत्येक विक्रीत ४० रुपयांचा तोटा, आणि न विकलेल्या प्रती परत येतात त्या वेगळ्याच. तीच प्रत थेट वाचकाला २० टक्के सवलतीत २४० ला, टपाल तुमच्याकडून, तरी २५ च्या आसपास सुटतात. पहिल्या ३०० प्रती थेट विका, दुकानांत दहा-वीसच ठेवा. दुकानांच्या भरवशावर विकायचं असेल तर किंमत वाढवा किंवा प्रती ५०० करा. ५०० पासून ऑफसेट (प्लेट बनवून केलेली छपाई) परवडायला लागतं, कारण प्लेटचा खर्च प्रती कितीही असल्या तरी तेवढाच असतो. पण ५०० विकणार कोणाला, त्यांची यादी आधी कागदावर लिहा.

कलम_एकोणीस
त्या करारावर सही करू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क लेखी दिले आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे हक्क कायमचे जात नाहीत, पण पाच वर्षं पुस्तक त्यांच्या ताब्यात आणि ऑडिओ, अनुवाद, मालिका सगळं 'सर्व हक्क'मध्ये. जो हक्क ते वर्षभरात वापरत नाहीत तो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, वर्षाने सुटतो, एवढाच दिलासा. द्यायचेच असतील तर फक्त छापील मराठी आवृत्तीचे, दोन वर्षांसाठी, प्रतींचा आकडा घालून.

आयएसबीएनचे पैसे कोणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखकाला स्वतःच्या नावाने तो फुकट मिळतो. पॅकेजवाल्यांचा क्रमांक घेतलात तर नोंदीत प्रकाशक म्हणून ते लागतात. छापील पुस्तकाचा क्रमांक ई-बुकला लावू नका, किंडलला त्याची गरजही नाही.

स्वतः प्रकाशक झालात की १९५४ च्या कायद्याने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते, शिवाय मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. हिशोबात चार प्रती बाजूला काढा.

पानोपानी
किंडलचं थोडक्यात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी केडीपी (किंडलवर स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची ॲमेझॉनची सेवा) यातल्या 'सिलेक्ट' योजनेत गेलात तरच, नाहीतर ३५. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेच नाही, मग प्रतिलिपीवरची नऊ प्रकरणंही उतरवावी लागतील. नमुना म्हणून दहा टक्के चालतात, म्हणजे ५,८०० शब्द. तेवढा मजकूर ठेवून खाली पुस्तकाची लिंक द्या.

जाहिरातीवर पैसे घालण्याआधी एक स्वतंत्र कथा दिवाळी अंकांना जूनपर्यंत पाठवा, परिचयात कादंबरीचं नाव येऊ द्या. डिसेंबरच्या शेवटी प्रकाशन करू नका. राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी कॅलेंडर वर्ष धरतात, २८ डिसेंबरचं पुस्तक चार दिवसांत 'गेल्या वर्षीचं' होतं. पहिली कादंबरी असेल तर प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे, तिथे नक्की पाठवा.

बोरूबहाद्दर
सगळ्यांचे आभार. पॅकेजला नाही कळवलं. मुखपृष्ठकार कण्याची रुंदी विचारतोय, काय सांगू?

पुठ्ठाबांधणी
अंदाजे १० मिलिमीटर, पण हा आकडा देऊ नका. नॅचरल शेडमध्ये फुगीर कागद आला तर तोच कणा १३ होतो आणि कण्यावरचं नाव घसरून मुखपृष्ठावर येतं. छापखान्याकडून त्याच कागदाची १०४ पत्र्यांची कोरी डमी बांधून मागा, पट्टीने मोजा, मग आकडा कळवा. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा छापील भाग) सोडायला सांगा. बारकोड पांढऱ्या चौकटीवर, फक्त काळ्या शाईत.