बी-पेशींना इतकं दुय्यम ठरवू नका
मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. हा हल्ला तिच्यातल्या टी-पेशींचा, बी-पेशी फक्त अँटिबॉडी (प्रतिपिंडं) बनवतात, असं काही जण म्हणतात. पहिलं बरंचसं मान्य. दुसरं म्हणणं ऑक्रेलिझुमॅब आल्यावर टिकत नाही. अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालेलं हे औषध पृष्ठभागावर सीडी२० ही खूण असलेल्या बी-पेशी नष्ट करतं. गंमत म्हणजे अँटिबॉडीचा मुख्य कारखाना असलेल्या प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसतेच. त्या शाबूत राहतात, तरी रिलॅप्स (आजार पुन्हा उसळणं) आणि एमआरआयवरचे नवे डाग झपाट्याने कमी होतात! म्हणजे टी-पेशींना चिथावण्याचं कामही बी-पेशी करत असणार.

मेंदूतच मुक्काम ठोकलेल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींचा दाह मात्र या औषधातून फारसा शमत नाही. रिलॅप्स थांबूनही काहींचं अपंगत्व हळूहळू वाढत राहतं, ते बहुधा काही अंशी त्यामुळेच.