शब्दचर्चा : अवधाण, गालगुंड, गंडमाळ आणि नुसती 'गाठ'

प्रश्न, ठाण्याहून : सहा वर्षांच्या भाच्याचा जबडा सुजला तेव्हा आई म्हणाली, "गालगुंड आहे, लेप लावा." दातांच्या डॉक्टरांनी दाढेचं गळू समजून औषध दिलं. आठवड्यात सूज दुप्पट, दाढा हलायला लागल्या. शेवटी खारघरला टाटाच्या केंद्रात तुकडा तपासला, तो बर्किट लिम्फोमा नावाचा कर्करोग निघाला. आईला हे मराठीत कसं सांगू? 'गाठ' म्हटलं की म्हणते, "अवधाण असेल, उतरेल."

ऐरोली : आईंचे शब्द खरे आहेत, पण ते दुसऱ्या दुखण्यांचे. पायाला जखम झाली की जांघेत दुखरी गाठ येते ते अवधाण. जखम भरली की जातं. काखेत येते ती काखमांजरी. गालगुंडात कानाखालची लाळग्रंथी सुजते, ताप येतो, बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरतं. दात हलत नाहीत. गंडमाळ क्षयाची : मानेत माळेसारख्या गाठी, आठवडे-महिने घेत वाढणाऱ्या. बर्किटच्या पेशी मात्र एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून 'झपाट्याने वाढणारी गाठ' म्हणा. यातला वेग सांगणारा शब्द गाळू नका.

वाशी, पॅथॉलॉजी लॅबमधून : लिम्फोमाला 'लसिकार्बुद' शब्द आहे, पण अर्बुद म्हणजे गाठ हे घरात कोणाला कळणार? 'लसिका ग्रंथींचा कर्करोग' हेही इथे पुरतं जुळत नाही, कारण हा जबड्यात किंवा पोटातही सुरू होतो. 'लसिकापेशींचा कर्करोग' बरोबर; लसिकापेशी म्हणजे पांढऱ्या पेशींची एक जात. ज्यांचं नाव या रोगाला आहे त्या सर्जन डेनिस बर्किट यांनी 1958 साली युगांडातल्या मुलांच्या या रोगावर लिहिलं तेव्हा त्याला सार्कोमाच (हाडं, स्नायू अशा ऊतींचा कर्करोग) म्हटलं होतं. लिम्फोमा हे नंतर ठरलं. सूक्ष्मदर्शकाखाली गडद पेशींच्या दाटीत फिकट ठिपके दिसतात, त्याला चांदण्यांचं आभाळ म्हणतात. ते ठिपके म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी. असं आभाळ इतर वेगवान लिम्फोमांतही दिसतं, म्हणून पेशींची वाढ चालवणाऱ्या एमवायसी जनुकातला बदलही तपासतात. बाहेरून बघून हे कोणालाच ठरवता येत नाही, आईंनाही सांगा.

ठाण्याहून पुन्हा : सांगितलं. "रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीचा कर्करोग, फार वेगाने वाढणारा, पण केमोला चांगली दाद देणारा." तिने एवढंच विचारलं, "म्हणजे लेपाने उतरणार नाही?" नाही म्हटलं. केमोला ती 'बाटली' म्हणते. तो शब्द मी तसाच राहू दिला.