मदत हवी आहे : झाडांवरच्या एल्फनगरीला पाणी कसं चढवू?

मंडळी, आमच्या खानापूरच्या रोलप्ले गटासाठी (म्हणजे पात्रं वठवत गोष्ट खेळणाऱ्या मंडळींसाठी) एल्फ, म्हणजे परीकथांतल्या रानात राहणाऱ्या लोकांचं काल्पनिक शहर रचतोय. वातावरण जमलंय: भीमगडासारखं दाट रान, धुकं, ३० मीटर उंचीवर झुलते पूल. सभागृहाचं छत बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीवरून घेतलंय. दगडात कोरलेलं ते उलटं कमळ खाली उभं राहून बघा एकदा, मान दुखेपर्यंत बघत राहाल. माझं मात्र लाकडाचं आहे.

घोडं अडलंय पाण्यावर. गटातल्या एका पठ्ठ्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "नळाला पाणी कितव्या दिवशी?" बेळगावकरच तो! जादू वापरायची नाही असं ठरलंय. वर बसवलेला पंप खालचं पाणी १० मीटरच्या वर ओढू शकत नाही. मग उतारावरच्या ओढ्याला रॅम पंप लावला तर? वाहत्या पाण्याच्याच जोरावर त्यातलं थोडं वर चढतं, वीज लागत नाही. पण त्याची ठक-ठक रात्रंदिवस चालते आणि माझे एल्फ पडले शांतताप्रिय.

सिव्हिलवाल्यांनो, हा आवाज कुठं लपवू सांगा की. आणि मैला खाली कसा उतरवायचा? आगीच्या बंबाचं नंतर बघू.